एआयनं प्रोफाइल फोटो करताना चेहरा आपलाच राहावा म्हणून

लिंक्डइनवर टाकायला धड फोटो नसतो, म्हणून बरेचजण कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्वतःला कापून काढतात. खांद्यावर मावसभावाची चार बोटं तशीच राहिलेली असतात. असा फोटो एआयच्या मदतीनं अर्ध्या तासात ठाकठीक होतो. तेवढ्याच अर्ध्या तासात तो इतका बिघडूही शकतो की नव्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आयकार्डाकडे आणि तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहील.

हा फरक कुठे पडतो ते कळायला एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या. एआय तुमचा फोटो दुरुस्त करत नाही. फोटो बघून नवं चित्र काढतं. जिथं त्याला नीट दिसलं नाही, तिथं आधी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजानं भर घालतं. कान केसांखाली झाकलेला असेल तर कान कुणाचा तरी येतो. तोंड मिटलेल्या फोटोवरून हसरा चेहरा मागितला तर दात कुणाचे तरी येतात. म्हणून खटपट दोनच ठिकाणी करायची: चेहऱ्याची माहिती भरपूर पुरवायची, आणि बदल मागायचे ते चेहऱ्याबाहेरचे. भिंत बदला, कपडे बदला, उजेड थोडा सावरा. नाकडोळे जिथल्या तिथं.

हा फोटो कुठे चालणार नाही

पासपोर्ट, व्हिसा, आधार, बँकेचं केवायसी, एमपीएससी-यूपीएससीचे अर्ज, वाहन परवाना यांसाठी एआयचा फोटो वापरू नका. इथं फोटोचं काम ओळख पटवण्याचं असतं. अमेरिकी व्हिसाचा फोटो २ इंच बाय २ इंच, गेल्या ६ महिन्यांत काढलेला लागतो आणि चेहरामोहरा बदलणारी कोणतीही डिजिटल दुरुस्ती त्यात चालत नाही. परीक्षेच्या केंद्रावर प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून बघतात. तिथं वाद घालायला वेळ नसतो. या कामांसाठी सरळ कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जा.

लिंक्डइन, कंपनीची वेबसाइट, व्याख्यानाची पत्रिका, ईमेलमधला गोल फोटो, व्हॉट्सॲप बिझनेसचा डीपी इथं चालतो. लिंक्डइनची अट एवढीच की फोटो तुमच्यासारखा दिसला पाहिजे, मग तो कशानं का केलेला असेना. स्थळाच्या बायोडेटात मात्र जपून. कांदेपोह्यांच्या वेळी समोरच्यांना फोटोतला माणूस शोधावा लागला तर पुढची बोलणी अवघड होतात.

मूळ फोटो: निम्म्याहून जास्त काम इथंच

एआयला काय सांगायचं याचे धडे सगळे देतात, त्याला काय दाखवायचं हे फारसं कुणी सांगत नाही. वाईट सेल्फीतून चांगला फोटो निघाला, तर तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा असतो.

पहिली गोष्ट अंतर. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ असतं. ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात २०१८ साली याचं गणित मांडलं गेलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हे रुंद नाक तुमचं नव्हे, अंतराचं आहे, हे एआयला कळत नाही. ते तेच नाक खरं मानून पुढचं चित्र काढतं. म्हणून फोन दीड मीटरवर ठेवा, मागचा कॅमेरा वापरा आणि २ एक्स (दुप्पट जवळ दाखवणारी) लेन्स निवडा. फोनला २ एक्स नसेल तर १ एक्सवर त्याच अंतरावरून काढा आणि नंतर क्रॉप करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. अर्धा कापला तरी भरपूर उरतो.

फोन कुणाच्या तरी हातात द्या, किंवा टेबलावर डबे-पुस्तकं रचून त्यावर टेकवा आणि १० सेकंदांचा टायमर लावा. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर हवी. खालून काढला की नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग पुढे येतो. वरून काढला की कपाळ मोठं होतं आणि खांदे गायब.

उजेडासाठी खिडकी पुरते. ऊन थेट आत येत नाही अशा खिडकीपासून तीन-चार फुटांवर उभे राहा, खिडकी एका बाजूला पण थोडी समोर येईल अशी. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी पडत असेल तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका; तेवढ्यानं सावली हलकी होते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ याला उत्तम, सावल्या मऊ पडतात. घरातली ट्यूब आणि बल्ब मात्र बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, असे दोन रंग दोन गालांवर पडले की एआय त्यालाच त्वचेचा रंग समजतं आणि चेहरा ठिगळ लावल्यासारखा रंगवतं.

पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिलात तर फोन भिंतीच्या हिशेबानं उजेड मोजतो आणि चेहरा काळवंडतो. अंधारा चेहरा दिसला की एआय तो ‘सुधारायला’ जातं आणि एक-दोन छटा गोरा करून टाकतं. तेव्हा फोटो काढण्याआधी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड चेहऱ्यानुसार बसेल.

आता फोनची सेटिंग्ज. ब्यूटी किंवा फेस स्मूदिंग पूर्ण शून्यावर आणा. कित्येक फोनमध्ये ते घेतल्यापासूनच चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तो कानाच्या कडा आणि सुटे केस धूसर करतो आणि तीच जागा एआय मनानं भरतं. लेन्स मऊ कापडानं पुसा. बोटाचं तेल लागलेल्या लेन्समुळे फोटोवर पातळ धुकं येतं आणि एआयला वाटतं, त्वचा मुळातच गुळगुळीत आहे.

आणि आरसा. पुढच्या कॅमेऱ्याचे फोटो पुष्कळदा आरशातल्यासारखे उलटे साठवले जातात. केसांचा भांग, तीळ, चमकी, शर्टाचा खिसा सगळं दुसऱ्या बाजूला जातं. निम्मे फोटो सुलटे आणि निम्मे उलटे दिले तर एआय गोंधळतं: तीळ दोन्ही गालांवर येतो, नाहीतर कुठेच येत नाही. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ बंद करा. अँड्रॉइडवर हा पर्याय कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये वेगवेगळ्या नावांनी सापडतो. जुना फोटो उलटा आहे का हे ओळखायचं असेल तर त्यातली अक्षरं बघा. दुकानाची पाटी उलटी दिसत असेल तर चेहराही उलटा आहे.

फोटो फोनवरून लॅपटॉपवर नेताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आयफोन फोटो ज्या हेइक (HEIC) प्रकारात साठवतो, ती फाइल काही वेबसाइटी घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजी निघतात.

कोणतं साधन घ्यायचं

नवख्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी जावं. पहिल्या पायरीवर काम भागलं तर दुसरी चढायची गरज नाही, आणि बहुतेकांचं पहिलीवर भागतं.

पहिली पायरी म्हणजे फक्त मागचा भाग बदलणं. फोटोरूम, अ‍ॅडोबी एक्सप्रेस, कॅनव्हा यांत हे होतं. कॅनव्हात ही सोय पैसे भरणाऱ्यांना मिळते. चेहऱ्याला यात हातच लागत नाही, तुम्ही दिलेला चेहरा जसाच्या तसा राहतो. उजेड थोडा कमीजास्त करायला स्नॅपसीड फुकट आहे. अडचण फक्त केसांच्या कडांची: कुरळ्या, सुट्या बटा करवतीनं कापल्यासारख्या दिसतात. त्यावर उपाय असा की नवी पार्श्वभूमी मूळ भिंतीइतकीच उजळ निवडायची. फिकट भिंतीसमोर काढलेल्या फोटोला गडद पार्श्वभूमी लावली की डोक्याभोवती पांढरी कडा उरते. आणि खिडकी डावीकडे असताना मागच्या ऑफिसच्या चित्रात उजेड उजवीकडून येत असेल तर माणूस डकवलेला दिसतो. काचेच्या इमारती टाळा, साधी फिकट राखाडी भिंत घ्या.

दुसरी पायरी जेमिनी किंवा चॅटजीपीटीसारखी साधनं, ज्यांना फोटो देऊन बोलून सांगायचं. जेमिनीचं ‘नॅनो बनाना’ हे चित्रांचं मॉडेल ऑगस्ट २०२५मध्ये आलं आणि सप्टेंबरमध्ये साडीतल्या फोटोंची लाट आपल्याकडे घरोघरी पोचली. तेच मॉडेल ऑफिसच्या फोटोसाठीही चालतं. कपडे बदलायचे असतील तर ही पायरी लागते.

तिसरी पायरी हेडशॉटप्रो, अ‍ॅरगॉन यांसारख्या पैसे घेणाऱ्या सेवा. त्या तुमचे अनेक फोटो घेऊन तुमच्या चेहऱ्यापुरतं मॉडेल शिकवतात आणि डझनांनी फोटो काढून देतात. त्याबद्दल पुढे.

काय सांगायचं

मराठीत सांगितलेलं जेमिनी आणि चॅटजीपीटी दोघांनाही कळतं. नमुना म्हणून हे घ्या आणि आपल्यापुरतं बदला:

‘सोबतच्या फोटोतल्या व्यक्तीचा छातीपर्यंतचा फोटो तयार कर. चेहऱ्याची ठेवण, त्वचेचा रंग, नाक, ओठ, भुवया, कपाळावरची केसांची रेषा, पांढरे केस आणि वय यांत काहीही बदलू नकोस. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला गालावर तीळ आहे, तो तसाच ठेव. त्वचा गुळगुळीत किंवा गोरी करू नकोस. हास्य आहे तेवढंच ठेव, दात दाखवू नकोस. फक्त दोन गोष्टी बदल: मागे फिकट राखाडी साधी भिंत, आणि टी-शर्टच्या जागी फिकट निळा, कॉलरचा सुती शर्ट, वरचं एक बटण उघडं. उजेड मूळ फोटोत डावीकडून येतो, तसाच ठेव. चौरस आकार.’

यातलं प्रत्येक वाक्य एकेका चुकीपायी आलेलं आहे. ‘उजव्या गालावर’ म्हटलं की एआयला कळत नाही की कुणाचा उजवा. म्हणून ‘बघणाऱ्याच्या उजव्या हाताला’. पांढऱ्या केसांचा उल्लेख नसेल तर ते बिनबोभाट काळे होतात. शर्टाचा कपडा सांगितला नाही तर चकचकीत, इस्त्रीच्या जाहिरातीतला शर्ट येतो.

काही शब्द मुद्दाम टाळा: ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘परफेक्ट’, ‘मॉडेलसारखा’, ‘८के’. ‘सुंदर’ म्हटलं की एआय जबडा निमुळता करतं, डोळे मोठे करतं आणि कातडीवरची छिद्रं पुसतं. नुसतं ‘प्रोफेशनल’ हेसुद्धा निरुपद्रवी नाही. जुलै २०२३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीनं एका एआय साधनाला आपला फोटो लिंक्डइनला शोभेल असा प्रोफेशनल करायला सांगितला, तर त्यानं तिला गोरी, निळ्या डोळ्यांची करून दिलं. ज्या फोटोंवर ही साधनं शिकतात, त्यांत सूटबूट घातलेले चेहरे बहुतांशी गोरे असतात. कपडे मागितले की त्यांच्याबरोबर चेहराही ओढला जातो. म्हणून ‘प्रोफेशनल’ऐवजी नेमकं काय हवं ते सांगा: कोणता शर्ट, कोणती भिंत, किती हसू.

पहिला फोटो आला की सुधारणा एकेक करून मागा. ‘कॉलर सरळ कर, बाकी काहीही बदलू नकोस.’ पण इथं एक मेख आहे. प्रत्येक सुधारणेला एआय बहुधा पूर्ण चित्र पुन्हा काढतं, आधीच्या नकलेवरून नक्कल. पाचव्या खेपेला कॉलर सरळ झालेली असते आणि तुम्ही तुमच्या सख्ख्या भावासारखे दिसायला लागता. तिसऱ्या खेपेपर्यंत जमलं नाही तर थांबा, नवं संभाषण उघडा, मूळ फोटो पुन्हा द्या आणि सगळ्या सुधारणा पहिल्याच सूचनेत लिहा.

आलेला फोटो कसा तपासायचा

मूळ आणि नवा फोटो शेजारी शेजारी उघडा आणि दुप्पट मोठे करून बघा. फोनवर नव्हे, लॅपटॉपवर. डोळ्यांपासून सुरू करा: दोन्ही बुबुळांतली उजेडाची चमक एकाच बाजूला हवी. मग कान, दोन्ही कानांतले दागिने, दातांची ओळ, केसांची रेषा. शेवटी मान आणि चेहऱ्याचा रंग एकच आहे ना ते बघा. गोरं करण्याची चलाखी बहुतेक वेळा मानेशी उघडी पडते.

चष्म्यावर थोडं थांबा. मायनस नंबरच्या खऱ्या काचेतून बघितलं तर गालाची कड काचेच्या आत किंचित सरकलेली दिसते. नंबर मोठा तेवढं जास्त. एआय काच काढतं ती खिडकीच्या काचेसारखी सपाट, कड सरळ खाली जाते. बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण चष्मा खोटा वाटतो. तेव्हा रोज चष्मा लावत असाल तर मूळ फोटोतच लावा, आणि काचेवर खिडकी चमकत असेल तर हनुवटी बोटभर खाली घ्या. बिनचष्म्याच्या फोटोवर एआयकडून चष्मा चढवून घेऊ नका.

शर्टाची एक सोपी परीक्षा. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला, काजं डावीकडे, आणि छातीचा खिसा डावीकडे असतो. फोटोत उलट असेल तर एकतर मूळ फोटो आरशातला होता किंवा एआयनं मनानं शिवलंय. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, एखादं बटण काजाविनाच बसलंय का, तेही बघा. गळ्यात आयकार्ड असेल तर ते काढायलाच सांगा. त्यावरची देवनागरी अक्षरं पुष्कळदा विचित्र होतात.

साडीच्या बाबतीत एआयची खरी दमछाक होते. पदर डाव्या खांद्यावर हवा. फोटो उलटा झाला की तो उजवीकडे जातो आणि नेसणं धड गुजराती नाही, धड आपलं नाही असं दिसतं. खांद्यावरच्या मिऱ्या मध्येच एकमेकींत विरघळतात. पैठणीच्या काठावरचे मोर जवळून बघितले तर नुसते सोनेरी डाग असतात. मंगळसूत्राचे काळे मणी मोठे करून बघा: सर एका बाजूला दोन पदरी आणि दुसऱ्या बाजूला एकपदरी निघतो, दोन वाट्यांची एकच चकती झालेली असते. टिकली कधी पुसली जाते, कधी भुवयांच्या मधोमध न राहता केसभर सरकते. चमकी डाव्या नाकपुडीतून उजवीकडे गेलेली सापडते. उपाय एकच. साडीतला फोटो हवा असेल तर साडी नेसूनच मूळ फोटो काढा, दागिने तेच घाला, आणि एआयकडून फक्त मागची भिंत बदलून घ्या. पहिली पायरी. कुर्ता, बंदगळा, जॅकेट हे एआयला बऱ्यापैकी जमतं. नेसायची वस्त्रं आणि फेटा अजून नाही.

सगळ्यात शेवटची तपासणी घरातल्या माणसाकडून. रोज तुम्हाला बघणाऱ्याला काही न सांगता फोटो दाखवा. ‘हा कधी काढलास?’ असं विचारलं तर पास. ‘अगं, कुठल्या ॲपनं केलास?’ असं विचारलं तर पुन्हा मूळ फोटोकडे जा.

पैसे भरून घ्यायचं असेल तर

तिसऱ्या पायरीच्या सेवा तेव्हाच घ्या, जेव्हा वेगवेगळ्या कपड्यांत, वेगवेगळ्या कोनांतले बरेच फोटो लागणार असतील. दर डॉलरमध्ये असतात, साधारण ३० ते ६० डॉलर एका खेपेला. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, आणि बहुतेक बँका वर परकीय चलनाचं शुल्क लावतात. एवढ्या पैशांत आपल्याकडचा चांगला फोटोग्राफर तासभर देऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

यांच्या मुळाशी ड्रीमबूथ ही पद्धत आहे. गूगलच्या संशोधकांनी ती ऑगस्ट २०२२मध्ये मांडली: एखाद्या व्यक्तीचे थोडे फोटो दाखवून तयार मॉडेलला ती व्यक्ती ‘शिकवायची’. सेवा किती फोटो मागते ते वेगवेगळं असतं. १२ ते १५ तयार ठेवले की बहुतेक ठिकाणी भागतं. त्यांतले सहा-सात फक्त चेहऱ्याचे, चार-पाच छातीपर्यंतचे, दोन-तीन थोडे डावी-उजवीकडे वळलेले. हे फोटो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कपड्यांत आणि उजेडात हवेत. सगळ्यांत तोच निळा टी-शर्ट असेल तर मॉडेलला वाटतं निळा टी-शर्ट हाही तुमचाच अवयव, आणि ब्लेझरच्या आतून तो डोकावत राहतो. सगळ्यांत मान एकाच बाजूला कललेली असेल तर प्रत्येक फोटोत मान तशीच. गॉगल, टोपी, मास्क, शेजारी दुसरा माणूस असलेला फोटो आणि आधी फिल्टर लावलेला फोटो, काहीही देऊ नका. पाच वर्षांपूर्वीचे, दहा किलो आधीचे फोटो मिसळले तर निकाल दोन्हींच्या मधला येतो, जो तुम्ही कधीच नव्हता.

डझनांनी आलेल्या फोटोंतले खरोखर तुमचे वाटणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. निवडताना सगळ्यात देखणा निवडण्याचा मोह होतो. सगळ्यात ओळखीचा निवडा.

कापणं, साठवणं, चढवणं

लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात आणि फाइल ८ एमबीपर्यंत चालते. एआयचे फोटो साधारण १०२४ पिक्सेलचे येतात, म्हणजे ऑनलाइन वापराला पुरेसे. फोटो गोलात दिसतो आणि चौकोनाचा सुमारे २१ टक्के भाग कोपऱ्यांत कापला जातो. तेव्हा डोक्यावर थोडी जागा सोडा आणि चेहरा फोटोच्या ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. डोळे मध्यरेषेच्या थोडे वर. चढवण्याआधी फोटो स्क्रीनवर नखाएवढा करून बघा, कारण लोक तो तेवढाच बघणार आहेत. तेवढ्यात चेहरा कळत नसेल तर आणखी जवळून कापा.

छपाईचा हिशेब वेगळा. ३०० डीपीआयला (म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके) १०२४ पिक्सेल म्हणजे जेमतेम ८.७ सेंटिमीटर. व्हिजिटिंग कार्डाला ठीक, चौकातल्या फ्लेक्सला नाही. मोठा करायला एआयचं अपस्केलर वापरलं तर ते डोळे आणि पापण्या पुन्हा मनानं काढतं, आणि इतका वेळ सांभाळलेला चेहरा शेवटच्या पायरीवर हातचा जातो.

जेमिनीच्या चित्राच्या कोपऱ्यात चांदणीसारखी खूण असते, आणि डोळ्यांना न दिसणारी सिंथआयडी नावाची खूण चित्रभर विणलेली असते. चॅटजीपीटीच्या फाइलमध्येही चित्र एआयनं केल्याची नोंद असते, आणि अशी नोंद असलेल्या चित्रावर लिंक्डइन ‘सीआर’ अशी छोटी खूण दाखवू शकतं. ती दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि ती काढून देणाऱ्या ॲपांच्या नादी तर मुळीच लागू नका.

फोटो कुणाच्या हाती जातोय

पासवर्ड बदलता येतो, चेहरा येत नाही. जेमिनीच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हिटी साठवणं बंद करता येतं. चॅटजीपीटीत ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद करा. पैसे भरलेल्या सेवेत फोटो आणि तयार झालेलं मॉडेल किती दिवसांनी पुसतात हे आधी वाचा, आणि काम झालं की खातं स्वतः पुसा. फोटोत घराचं लोकेशन साठलेलं असू शकतं. कॅमेऱ्याचं लोकेशन टॅग बंद करूनच हे फोटो काढा. ऑफिसातल्या सगळ्यांचे फोटो एकसारखे करायचे असतील तर प्रत्येकाला विचारून, त्यानं दिलेलाच फोटो वापरा. फेसबुकवरून उचलू नका.

फुकट म्हणवणाऱ्या ॲपांत खर्च नंतर येतो. तीन दिवसांची चाचणी, त्यासाठी यूपीआय ऑटोपे, आणि चौथ्या दिवसापासून दर आठवड्याला पैसे वळते. ॲप फोनवरून उडवलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते, यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा बघा. नावाजलेल्या साधनाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाची ॲपं बरीच फिरतात, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून काहीही उतरवू नका.

मूळ फोटो आणि वापरलेली सूचना एका फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवा. पुढे दाढी ठेवली, केस कापले, चष्मा लागला की नवा मूळ फोटो काढा आणि तीच सूचना पुन्हा द्या. जुन्या एआय फोटोलाच ‘आता दाढी लाव’ असं सांगू नका. दाढी येईल, पण ती तुमची नसेल.